गिरिजाताईंचा करी कट

आमच्या दुबईतल्या अल बर्शाच्या इमारतीत गिरिजाताई सामंतांना स्वयंपाकातलं कुणी काही शिकवायला जात नाही. मी समोरच्या दारातली शेजारीण, तरी माझीही कधी हिंमत झाली नाही. ताई मूळच्या देवगडच्या. यजमान फुजैराच्या बंदरावर कामाला होते; ते अचानक गेले तेव्हा मुलगा सत्यजित शाळेत होता. सगळे म्हणाले, गावी परत जा. बाईंनी एका मराठी केटररकडे पोळ्या लाटायची नोकरी धरली आणि त्या लाटण्यावर मुलाला इंजिनिअर केलं. आता स्वतःचं किचन आहे, हाताखाली माणसं आहेत, पण कणीक अजून स्वतःच मळतात. दुसऱ्याने मळलेली त्यांना पटतच नाही.

या सत्यजितने गेल्या वर्षी ऑफिसातल्या आयसुलूशी लग्न केलं. मुलगी कझाकस्तानची. गिरिजाताईंनी थोडे दिवस अबोला धरला आणि मग सुनेला सोलकढी शिकवायला घेतली. तिचे वडील तुलेगेन मात्र विरघळले नाहीत. व्हिडिओ कॉलवर सत्यजित दिसला की कॉल बंद. यंदा पहिल्यांदा दुबईला आले, तर डिस्कव्हरी गार्डन्समधलं लेकीचं घर सोडून हॉटेलात उतरले. जावयाशी एक शब्द नाही. परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी विहीणबाईंकडे जेवायला तेवढे कबूल झाले.

ताईंनी त्यांच्याच घरचा पदार्थ करायचं ठरवलं. बेशबरमाक. म्हणजे उकडलेलं मटण, त्याच्याच पाण्यात शिजवलेल्या पातळ पिठाच्या पट्ट्या आणि वरून कांदा. मसाला अजिबात नाही. मालवणी बाईला ते आजाऱ्याचं जेवण वाटलं, पण हे हातानेच खायचं असतं हे कळल्यावर खूश झाल्या. "हाताने जेवणारी माणसं," मला म्हणाल्या, "मग परकी कशी?"

सकाळी मी मदतीला गेले आणि नुसती बघतच राहिले. अंडं घातलेल्या पिठाची पोळी लाटता लाटता टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागली. खालच्या मेणकापडावरची फुलं तिच्यातून दिसत होती, तरी कुठे एक भोक नाही. मीही जन्मभर पोळ्याच लाटल्या आहेत. तो हात पाहून मला अक्षरशः नमस्कार करावासा वाटला.

तेवढ्यात आयसुलू आणि सत्यजित आले. तिने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि तशीच उभी राहिली.

"आई, ये क्या किया? हड्डी तोड दी?"

"मग? हारुनभाई खाटकाला सांगितलं, नेहमीसारखं करी कट कर. मटण काय अख्खं शिजवतात?"

आयसुलू मटकन स्टुलावर बसली. मग मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीत तिने सांगितलं. त्यांच्याकडे हाड कधी तोडत नाहीत, सांध्यातून सोडवतात, कारण प्रत्येक हाडाचा मानकरी ठरलेला असतो. कमरेचं हाड सगळ्यात मानाच्या माणसाला. सीना, म्हणजे छातीचा भाग, जावयाला. वाटायचा मान वडीलधाऱ्यांचा.

"पप्पा सत्यजितला सीना देणार की नाही, बस इतना ही देखना था मुझे," ती म्हणाली. "अब सब मिक्स."

"मी दुसरं घेऊन येतो, क्विकली," सत्यजित म्हणाला. पण ते आणून शिजणार कधी? खाली तुलेगेनांची टॅक्सी येऊन थांबली होती. गिरिजाताईंचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "खलास," त्या पुटपुटल्या. मग मलाच ओरडल्या, "यल्ला, चल लवकर, पट्ट्या सोड पातेल्यात!"

तुलेगेन बसले. मोठं ताट मधे आलं. लिंबाएवढे तुकडे पाहून त्यांनी लेकीकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. सत्यजित टेबलाच्या पार टोकाला बसला होता.

म्हाताऱ्याने बाह्या दुमडल्या आणि एक तुकडा उचलला. अंगठ्याने दाबला, फिरवला, बाजूला ठेवला. मग दुसरा. मला वाटलं, खोड काढतायत, आणि माझं डोकंच फिरलं. बाई सकाळपासून राबतेय आणि हे चिवडत बसलेत! मी काहीतरी बोलणार, तोच लक्षात आलं की ते तुकडे निवडत होते. बघत कमी होते, बोटांनी चाचपत जास्त होते. कमरेच्या हाडाचे तुकडे एकेक करून गिरिजाताईंच्या ताटलीत आले. ताई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या.

शेवटी तुलेगेननी एक रिकामी ताटली पुढे ओढली. मऊ पांढऱ्या हाडाचे, चरबीची कड असलेले तुकडे तीत ठेवू लागले. एक बसला नाही, तो उलटा करून बसवला. कापलेल्या कडेला कड मिळाली. आमच्या डोळ्यांदेखत त्या ताटलीत अख्खा सीना उभा राहिला. हारुनभाईने घाव घालून तोडलेलं हा माणूस बोटांनी परत जोडत होता.

ते उठले. टेबलाला वळसा घालून दोन्ही हातांनी ती ताटली त्यांनी सत्यजितपुढे ठेवली आणि हळूच काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" गिरिजाताईंनी विचारलं.

आयसुलूने आधी वडिलांकडे पाहिलं. "त्याला 'जावई' म्हणाले, आई."

गिरिजाताईंनी तोंड फिरवून नॅपकिनने डोळे पुसले. मग लेकावर खेकसल्या, "बघत काय बसलास? खा. थंड होतंय."