जेवल्यावर, दोन टाइम

बायको गेल्यावर गडचिरोलीतलं तिचं मेडिकल मी एका तरुण फार्मासिस्टला चालवायला दिलं. सकाळी तिथल्या बाकावर पुस्तक घेऊन बसायची माझी सवय मात्र सुटली नाही.

बायको दुकानात बसायची तेव्हा याच बाकावरून मी एका मुलीला प्रथम पाहिलं. उजवा हात कोपरापर्यंत कापडात गुंडाळलेला. सोबत आई. दोन्हीकडच्या बंदुकांमध्ये गाव सापडलं म्हणून ही माणसं इंद्रावती नदी ओलांडून आली होती आणि जंगलाच्या कडेला झोपड्या घालून राहत होती. मुलीला मिरगी होती. झटका आला आणि ती पेटत्या चुलीत पडली. औषध चार महिने चालूच होतं. 'ही लोकं गोळ्या खातच नाईत' हे त्या आईने जिथे गेली तिथे ऐकलं होतं. आता डॉक्टरांनी डोस वाढवला होता. ती चिठ्ठी तिच्या हातात होती.

बायकोने चिठ्ठी वाचून बाजूला ठेवली आणि आधीच्या गोळ्या पाहायला मागितल्या. निम्म्या तशाच होत्या. मोडक्यातोडक्या गोंडीत आणि हिंदीत तिने विचारलं, "पोरीले कवा देतेस?"

"जेवल्यावर."

"जेवते कवा?"

"रातच्याले."

"आन् सकाळी?"

"सकाळी जेवत नाई. जावा पिते."

जावा म्हणजे पातळ पेज. त्यांच्या घरी भात खाल्ला तरच जेवण; पेज पितात, ती जेवणात धरत नाहीत. 'जेवल्यावर, दोन टाइम' असं तिला सांगितलं होतं. घरात जेवण एकदाच होत होतं, म्हणून गोळीही एकदाच. सांगितलेलं त्या आईने तंतोतंत पाळलं आणि तिची मुलगी भाजली.

बायकोने डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं. त्यांनी डोस पहिलाच ठेवला. मग तिने आईला समजावलं: एक गोळी जाव्यानंतर, एक भातानंतर. आणि तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. त्या संध्याकाळी ताट वाढताना बायको पुन्हा त्यावरच आली. "चार ठिकाणी गोळ्या देल्या तिले," ती म्हणाली. "एकानं तरी विचारावं ना, सकाळी पोटात काय जाते."

गेल्या आठवड्यात तीच मुलगी दुकानात आली. उंच झाली आहे. झटके थांबलेत म्हणाली. नदीपलीकडून नुकत्याच आलेल्या मावशीला तिने आणलं होतं. तरुण फार्मासिस्टने कात्रीने गोळ्यांची पट्टी कापली आणि वर न बघता सांगितलं, "जेवल्यावर, दोन टाइम." मावशीने मान हलवली.

"त्यांना विचारा, सकाळी काय खातात," मी बाकावरून म्हणालो.

"भाऊ, मेडिकल चालवून राह्यलो मी, खानावळ नाई."

दोन गिऱ्हाइकं हसली. मुलीने वणाच्या हाताने पट्टी उचलली आणि मावशीला गोंडीत काहीतरी समजावू लागली. मला त्यातला एकच शब्द कळला, जावा.

दुसऱ्या कोणाला हे पाहून बरं वाटलं असतं. मला संताप आला. भिंतीवर या फार्मासिस्टचं प्रमाणपत्र टांगलेलं, आणि सांगायचं कोणी, तर जी चुलीत पडली तिने. ज्यांना सोबत आणायला अशी भाची नाही, त्यांनी काय करायचं?

"काय सांगून राह्यली ती?" त्याने मला विचारलं.

"तुमचं काम करून राह्यली," मी म्हणालो.