वॉर्ड सहासाठी रोज एक शब्द

माझी मावशी एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर सव्वीस वर्षं बसली. बोर्डाची खोली जिन्याखाली होती. उंच माणूस आत आला की त्याचं डोकं उतरत्या छताला लागायचं. मावशी बुटकी, म्हणून ही नोकरी आपल्याला माप घेऊनच दिली आहे असं ती म्हणायची. समोर लाकडी बोर्ड, त्यावर ओळीनं भोकं, प्रत्येक भोकावर एक बारका दिवा. दिवा लागला की दोरीची पिन त्या भोकात खुपसायची, "बोला" म्हणायचं आणि दुसरी पिन हव्या त्या वॉर्डाच्या भोकात बसवायची. ते "बोला" तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की घराचं दार कोणी वाजवलं तरी ती "बोला" म्हणूनच उघडायची.

मावशी एकटी राहायची. कॉलेजची तीन वर्षं मी तिच्याकडे होते, म्हणून हे सगळं मला जवळून माहीत आहे.

सकाळी नऊ ते अकरा तिला मान वर करायला फुरसत नसे. साडेअकराला गर्दी ओसरली की ती पर्समधून वर्तमानपत्र काढायची, शेवटचं पान वर येईल अशी घडी घालायची आणि शब्दकोडं घ्यायची. हे कोडं साधं नव्हतं. "झाडाचा एक भाग" म्हटलं की "फांदी" लिहिलं, असलं ते नसायचं. त्यातलं प्रत्येक वाक्य सांगायचं एक आणि त्याला म्हणायचं असायचं भलतंच. मावशीला हे कोणी शिकवलं नव्हतं. पेपर दुसऱ्या दिवशी फक्त उत्तरं छापायचा, ती कशी आली हे कधीच नाही. मग तिनं उलट्या बाजूनं सुरुवात केली. उत्तर घ्यायचं, कालच्या वाक्याशेजारी ठेवायचं आणि हे यातून कसं निघालं ते शोधत बसायचं. सापडलं की वहीत लिहायचं. अशा पाच वह्या झाल्या, तेव्हा कुठे तिला उत्तराआधी वाट दिसायला लागली.

एके दिवशी साडेअकराच्या सुमारास बाहेरून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना वॉर्ड सहा हवा होता. तिथली लाइन गुंतलेली होती, म्हणून मावशीनं त्यांना थांबायला सांगितलं. ते थांबले, पण स्वतःशीच पुटपुटत राहिले: "ती आखडली तर त्रास, तो मिळाला तर आनंद. दोन अक्षरं." दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही आणि ऐकलं तर त्यात पडायचं नाही, हा मावशीचा नियम होता. त्या दिवशी तो मोडला.

"मान," ती म्हणाली.

 मग त्यांनी विचारलं की मान कशी. मावशीनं समजावून सांगितलं. ती मान आखडते, गळ्यावरची. तो मान मिळतो, चारचौघांत. शब्द एकच, फक्त ती आणि तो बदलून कोड्यानं आपल्याला नवरा-बायकोच्या भांडणात नेऊन सोडलं. गृहस्थ म्हणाले, परत सांगा, लिहून घेतो.

हे मोजणीकाका. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही गोष्टीला कुठून कुठपर्यंत हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांची बायको वॉर्ड सहामध्ये होती. घरातच पाय घसरून खुबा मोडला होता. ऑपरेशन नीट झालं होतं, डॉक्टर आता उभ्या राहा म्हणत होते, पण बाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. "हो" आणि "नको" या पलीकडे तीन आठवडे काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर शिवणाचा क्लास चालवला, म्हणून सगळे त्यांना शिवणबाई म्हणायचे. आणि कोडं सोडवणाऱ्या खऱ्या त्या. काका चौतीस वर्षं रोज सकाळी पेन्सिलीला टोक करून द्यायचे आणि वाक्यं मोठ्यानं वाचायचे, बस्स. दवाखान्यात त्यांनी पेपर नेला, तर बाईंनी तो हातानं बाजूला सारला.

"म्हणून म्हटलं, मीच सोडवून तिला सांगावं," काका म्हणाले. "मी चुकलो की ती चिडेल. पण ताई, चुकायला तरी थोडं यायला हवं ना?"

मावशीला हे पटलं. दुसऱ्या दिवसापासून रोज साडेअकराला काकांचा फोन यायचा आणि मावशी एक वाक्य घेऊन बसायची. उत्तर ती सांगायची नाही, वाट सांगायची. मध्येच दिवा लागला की "थांबा, प्रसूती वॉर्ड" म्हणून जायची आणि परत येऊन जिथं सोडलं तिथून पुढे. हेडक्लार्कनं एकदा विचारलं की रोज हे कोण नातेवाईक. पेशंटचे, असं मावशीनं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

तिचं सांगणं मोठं सरळ असायचं. प्रत्येक वाक्यात एक टोक अर्थाचं असतं आणि बाकीची कारागिरी. आधी टोक धरा. "ढवळलं", "विस्कटलं", "वेड लागलं" असं काही दिसलं की शेजारच्या शब्दाची अक्षरं हलवून बघा. सरबत ढवळलं की बरसत होतं. "आत", "पोटात", "सापडलं" असं दिसलं की शब्द तिथंच लपलेला आहे, डोळे उघडे ठेवा. "उलटला", "मागे फिरला" दिसलं की शेवटून वाचा. "गरीब उलटला की वाहते ती" या वाक्यावर काका दोन दिवस अडले. गरीब हा शब्द ते उलटा, सुलटा, सगळीकडून मोजत होते. तिसऱ्या दिवशी मावशी फक्त एवढंच म्हणाली की गरिबाला दुसरं नाव आहे का बघा. थोड्या वेळानं पलीकडून टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. दीन उलटला, नदी झाली.

चार वाजता भेटीची वेळ. काका जायचे, स्टुलावर बसायचे, आजचं वाक्य वाचायचे आणि ते कसं सुटलं ते स्वतःच्या अकलेनं सांगितल्यासारखं सांगायचे. बाई भिंतीकडेच बघत असायच्या. "शहाणपण तीनदा चाचपलं, आत नातीची मुलगी सापडली" हे आलं त्या दिवशी काकांनी "पण" आणि "ती" या अक्षरांखाली रेघ मारून पणती दाखवली, तेव्हा बाईंनी मान वळवून कागदाकडे पाहिलं, आणि पुन्हा फिरवली. काकांनी दुसऱ्या दिवशी हे मावशीला असं सांगितलं, जणू बाई जिना चढून आल्या होत्या.

मग ते वाक्य आलं. "आठ जखमा भरल्या, मागे काय राहिलं?" चार अक्षरं. मावशीला उत्तर चटकन आलं, आठवण. वाट मात्र तिनं अशी सांगितली: आठ तर समोरच आहे. जखम म्हणजे व्रण. जखम भरली, म्हणजे व्रणातला र बुजला. काकांनी सगळं उतरवून घेतलं आणि चार वाजता जसंच्या तसं वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन अकराच्या आधीच आला, ऐन गर्दीत.

"ताई, ती बोलली," ते म्हणाले.

मावशीनं विचारलं, काय बोलल्या.

"म्हणाली, हे कुठल्या गाढवानं सांगितलं?"

झालं होतं असं, की शिवणबाईंनी ते ऐकलं, खाटेची कड धरली आणि उठून बसल्या. कोणी हात दिला नव्हता. म्हणाल्या, व्रण कशाला हवा, वण म्हणा. जखम भरल्यावर कातडीवर जी खूण राहते तिला वण म्हणतात. आठ आणि वण. जोड इतकी स्वच्छ असताना मध्ये ठिगळ कशाला लावता? आणि मग त्यांनी पेन्सिल मागितली.

आपल्याला आनंद झाल्याचं मावशीनं काकांना सांगितलं आणि पिन काढली. पण संध्याकाळी घरी आली ती तोंड पाडून. चपला काढल्या आणि तशीच शब्दकोशाकडे गेली. वण तिथं होताच. मी म्हटलं, उत्तर तर बरोबर होतं ना तुझं.

"उत्तराचं काय," ती म्हणाली. "ते दुसऱ्या दिवशी छापूनच येतं."

त्या रात्री ती नीट जेवली नाही. सकाळी मात्र तिनं ठेवणीतली साडी काढली. चार वाजता रेकॉर्ड विभागातल्या मैत्रिणीला अर्धा तास बोर्डावर बसवलं आणि वॉर्ड सहाकडे निघाली. तोवरच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत ती कुठल्याच वॉर्डात गेली नव्हती. वॉर्ड सहा म्हणजे तिच्या लेखी तिसऱ्या ओळीतलं चौथं भोक. तो दुसऱ्या मजल्यावर आहे हेसुद्धा तिला वाटेत विचारावं लागलं.

खाटेपाशी जाऊन ती म्हणाली, "ते गाढव मीच."

काका गडबडून उभे राहिले. शिवणबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, माप घेतात तसं. मग म्हणाल्या, "बसा. त्या स्टुलाचा एक पाय हलतो, जपून."

मावशी बसली. वण हा शब्द तिला ठाऊक नव्हता असं नाही, तो सुचलाच नाही, असं तिनं सांगितलं. बाईंनी चादर थोडी बाजूला केली आणि टाक्यांची लांब, लाल रेघ दाखवली. "ही अजून जखमच आहे," त्या म्हणाल्या. "वण व्हायला वर्ष जाईल." आणि लगेच पेपर पुढे सरकवला. अकरा आडव्यात काकांनी काहीतरी भलतंच भरून ठेवलं होतं आणि त्यामुळे खालचे तीन उभे शब्द अडले होते. तिघं मिळून खोडरबर शोधू लागले. अर्ध्या तासाचा तास झाला, आणि खाली मैत्रीण चुकीच्या भोकांत पिना खुपसून घामाघूम झाली होती.

त्यानंतर रोज चार वाजता वर जाणं मावशीला शक्य नव्हतं. पण वॉर्डातला टेलिफोन सिस्टरच्या टेबलावर होता. शिवणबाईंनी हट्ट धरला की साडेअकराला आपणच बोलणार, निरोप्या नको. सिस्टर म्हणाली, चालत आलात तर बोला. पहिल्या दिवशी त्या वॉकर धरून खाटेच्या पायथ्यापर्यंत आल्या आणि परत गेल्या. चौथ्या दिवशी अर्ध्या वाटेवर खुर्ची ठेवावी लागली. काकांनी अंतर मोजून ठेवलं होतं, बावीस पावलं. नवव्या दिवशी साडेअकराला मावशीच्या बोर्डावर तिसऱ्या ओळीतला चौथा दिवा लागला. तिनं "बोला" म्हटलं. पलीकडे बराच वेळ नुसता धापा टाकल्याचा आवाज, आणि मग, "तेरा उभा. काय लावलंस?"

मावशी हे सांगायची तेव्हा इथं थांबायची आणि चष्मा पुसायची.

डॉक्टरांनी व्यायामाला श्रेय दिलं. बाई घरी गेल्या आणि मावशी दर शनिवारी बसनं त्यांच्याकडे जाऊ लागली. मीही कधी कधी जायचे. खिडकीजवळचं शिवणाचं टेबल, त्यावर पेन्सिलीच्या टोकांचा कचरा, कापडाच्या चिंध्या, तीन कप. दोघी एकेका शब्दावरून अशा भांडायच्या की शेजारचे डोकावून जात. काका मध्यस्थी करायला जायचे आणि दोघींची बोलणी खायचे. मला वाटतं, तिघांच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, आणि माझ्याही.

एका शनिवारी दोघींनी पेपरच्या संपादकांना पत्र लिहिलं. तुम्ही उत्तरं छापता, पण ती कशी आली हे सांगत नाही, वाचकांनी काय भिंतीवर डोकं आपटायचं, असा त्याचा सूर होता. संपादकांचं उत्तर आलं की जागा थोडी आहे, पण रविवारी दोन वाक्यांपुरती देऊ, लिहिणार असाल तर तुम्हीच लिहा. पुढची नऊ वर्षं दर रविवारी कोपऱ्यात ती उकल छापून येत होती. खाली नाव फक्त "दोघी".

मधल्या काळात दवाखान्यात आपोआप जोडणारं यंत्र आलं. लाकडी बोर्ड भंगारात गेला आणि मावशीला रेकॉर्डमध्ये बसवलं. शिवणबाई झोपेतच गेल्या. काका मुलाकडे परगावी गेले, तिथून काही वर्षं पत्रं लिहीत राहिले, मग पत्रं थांबली. शेवटचं दीड वर्ष मावशीनं एकटीनं उकल लिहिली. नाव तिनं बदललं नाही. शेवटी पेपरनं ते कोडंच बंद करून आकड्यांचं सुरू केलं.

शेवटच्या वर्षी मावशी माझ्याकडे होती. जुन्या पेपरांतली कोडी मी तिला वाचून दाखवायचे. एका दुपारी वाक्य ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. उत्तर मला सुचलं, मी चौकोनात लिहिलंही, पण ते कसं आलं हे काही केल्या कळेना. मी पेन्सिल हातात धरून तिच्या उशाशी बसून राहिले. तासाभरानं ती उठली, तोंड धुतलं, चहा घेतला, आणि मग मला सगळं नीट समजावून सांगितलं.