आबा बाहेर आले, त्या दिवशी मी गेलो

मागच्या वर्षी मी एकदा वारलो. फार वेळ नाही, पाऊण तास. अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे आमची सोसायटी आहे, तिथेच दुसऱ्या मजल्यावर, राहत्या घरी, सकाळी अकराच्या सुमाराला. कारण म्हणाल तर कुत्रा. नाही, चावला नाही. चावण्यासाठी आधी जवळ यावं लागतं, आणि सगळी अडचण तिथेच होती.

आधी माझ्या आवाजाबद्दल सांगतो. एकतीस वर्षं मी एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये काढली. तिथे माणूस बोलत नाही, ओरडतो. शेजारी उभ्या असलेल्याला "पाना दे" म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून म्हणावं लागतं. रिटायर झाल्यावर मशीन तिथेच राहिलं, आवाज मात्र माझ्याबरोबर घरी आला. मी घरात "चहा!" म्हटलं की खालच्या मजल्यावरच्या पाटीलवहिनीही आधण ठेवायच्या.

अशा घरात आमच्या मुलीने, केतकीने, एक म्हातारा कुत्रा आणला. बदलापूरला वैशालीताई म्हणून एक बाई आहेत, त्या टाकून दिलेली जनावरं सांभाळतात. जांभूळजवळ एक वर्कशॉप बंद पडलं, मालक कुलूप लावून निघून गेला, आणि राखणीचा हा कुत्रा साखळीसकट तिथेच राहिला. दहा-अकरा वर्षांचा, तोंडावरचे केस पांढरे, एक कान फाटका. ते ऐकून मला मनापासून वाईट वाटलं. कारखान्यातून मोकळे झालेले आम्ही दोघं!

"नाव काय ठेवायचं?" केतकीने विचारलं.

"अगं, एवढ्या वयस्कर माणसाला नुसत्या नावाने कशी हाक मारायची?" आमची सुलभा म्हणाली. म्हणून त्याचे आबा झाले. आणि एकदा आबा म्हटल्यावर अरे-तुरे कुठलं? आबा आले, आबा बसले.

आबा आले, एवढंच खरं. "या आबा!" असं मी प्रेमाने म्हटलं आणि आबा दिवाणाखाली गेले. तिथून पुढे त्यांचं नखही आम्हाला दिसलं नाही. जेवण, पाणी, बाकीचं सगळं आम्ही झोपल्यावर.

वैशालीताईंनी फोनवर निदान केलं. "काका, त्याला पुरुषाच्या मोठ्या आवाजाची भीती आहे. कोणीतरी फार ओरडलंय त्याच्यावर. एकवीस दिवस देते. तेवढ्यात तो आपणहून तुमच्यासमोर आला, जेवला, तर तुमचा. नाहीतर मी परत नेईन. दोष तुमचा नाही हो, घरच गोंगाटाचं आहे."

म्हणजे दोष माझाच होता, फक्त बाई सभ्य होत्या!

मी इरेला पेटलो. एकतीस वर्षांत एकही जॉब रिजेक्ट होऊ दिला नव्हता, आता काय कुत्र्यापायी नापास होणार? दुसऱ्या दिवसापासून घरात कर्फ्यू. बेलची वायर काढली, दार नुसतं लोटून ठेवलं. टीव्ही मुका. कुकर माळ्यावर (शिट्टी नको म्हणून सुलभा उघड्या टोपात भात करू लागली). आणि मी कुजबुजायला शिकलो. पहिल्यांदा मी सुलभाच्या कानात "चहा" म्हटलं तेव्हा ती दचकून म्हणाली, "काय होतंय तुम्हाला? छातीत दुखतंय का?"

इकडे सोसायटीत काय चाललं होतं याचा आम्हाला पत्ता नव्हता. पाटीलवहिनींना आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येईना. समोरचे लालवानी, उल्हासनगरला ज्यांचं कापडाचं दुकान आहे, ते जिन्यात भेटले तर मी "काय शेठ!" अशी आरोळी ठोकायच्या ऐवजी नुसता हात हलवला. त्यांनी म्हणे घरी जाऊन बायकोला सांगितलं, "इनका कुछ ठीक नहीं लग रहा."

विसावा दिवस उजाडला तरी आबा दिवाणाखालीच. वैशालीताईंनी शेवटचा उपाय सांगितला, "उद्या मी बाराच्या आत येते. तोवर असं करा, जमिनीवर आडवे व्हा. डोळे मिटा, हलू नका, बोलू नका. पडलेल्या माणसाची भीती वाटत नाही त्यांना."

एकविसावा दिवस शुक्रवार होता, आणि शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते. आबांना अंधार बरा वाटतो म्हणून पडदे ओढलेले. मी दिवाणासमोर चटई टाकली आणि पाठीवर पडलो. डास फोडून काढत होते, म्हणून सुलभाने अंगावर चादर घातली. (पांढरी. धुतलेली तेवढी एकच होती.) मिट्ट काळोख झाला म्हणून तिने निरांजन लावलं, आणि फरशीवर सपाट जागा तेवढीच म्हणून ते माझ्या उशाशी ठेवलं. डासांसाठी दोन उदबत्त्या. पाय दक्षिणेला झाले, कारण दिवाण तिकडेच आहे. मग ती माझ्याशेजारी मान खाली घालून बसली. आबांच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, अशी ताईंची सूचना होती.

दहा मिनिटं गेली. मग नखांचा बारीक आवाज आला. मी श्वास रोखला आणि पापण्यांच्या फटीतून पाहत राहिलो. कानाशी काहीतरी ओलं लागलं, आणि एक जड, केसाळ हनुवटी हळूच माझ्या छातीवर टेकली. एकवीस दिवसांनी! सुलभाने पदर तोंडाला लावला आणि आनंदाने घळाघळा रडायला लागली.

नेमक्या त्याच क्षणी पाटीलवहिनी विरजण मागायला आल्या, आणि त्यांनी दार ढकललं.

"अगं बाई गं! कधी झालं हे?"

सुलभाने ओठांवर बोट ठेवलं आणि रडत रडत मान हलवली. "बोलवत नाही बिचारीला," असं पुटपुटत वहिनी उलट्या पावली गेल्या. पाच मिनिटांत बिल्डिंग गोळा झाली. सगळे चपला बाहेर काढून आले, जमिनीवर बसले, माना खाली. कोणी आबांकडे बघेना, कोणी हलेना, कोणी बोलेना. वैशालीताईंनी सांगितलेलं सगळं, एका दमात, बावीस माणसांकडून! आबांना आयुष्यात इतकी सभ्य माणसं भेटली नसावीत. ते निवांत शेपटी हलवायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, उठून सांगायचं नाही का? कसं सांगणार? मी जरा हललो असतो तर आबा दिवाणाखाली, आणि बारा वाजता बदलापूरला. माझं काय, मी कधीही जिवंत होऊ शकत होतो. आणि माझी नाडी बघावी असं बावीस जणांत कोणालाही वाटलं नाही. माझा आवाज तीन आठवडे बंद होता, त्यांना तेवढा पुरावा पुरला.

पाटीलवहिनींनी माझ्या ओठांत तुळशीचं पान सरकवलं, वर चमचाभर गंगाजल. मी मेल्या मेल्या ते गिळलं. लालवानी हळू आवाजात सांगत होते, "परवाच भेटले ना जीने पे. हात हलवला, बोले कुछ नहीं. मला तेव्हाच डाऊट आला. आदमी सोना था हो... बस, आवाज."

"हो ना," मागून कोणीतरी उसासा टाकला. "आता पोरांचा दुपारचा अभ्यास तरी होईल."

हे माझ्याबद्दल! माझ्याच हॉलमध्ये! एरवी मी काय गर्जना केली असती, पण छातीवर आबा होते.

तेवढ्यात पिठलं-भात आलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी आणायचं, आणि पाटीलवहिनी असल्या बाबतीत विजेच्या आधी पोचतात. त्यांनी ताट सुलभापुढे ठेवलं. पिठलं सुतकाचं, म्हणून कांदा-लसूण काही नाही (कुत्र्यांना कांदा-लसूण वर्ज्य, हे ताईंनी दहा वेळा बजावलं होतं). आबा माझ्या छातीवरून उठले, शांतपणे ताटाशी गेले, आणि बावीस माणसांसमोर भात जेवू लागले.

वहिनींनी हात जोडले. "लगेच शिवला हो. काही इच्छा मागे नव्हती त्यांची."

"केतकीला कोण सांगणार? वो तो ऑफिस में होगी," असं म्हणत लालवानींनी खिशातून मोबाइल काढला.

आता मात्र मला घाम फुटला. पोरगी हाय खाऊन मरेल! आबा की केतकी? मी उठायच्या बेतात होतो, तोच दार उघडलं आणि वैशालीताई आत आल्या. त्यांनी दाराशीच गर्दी पाहिली, मला पाहिलं, मग ताटात तोंड घातलेल्या आबांना पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की सगळी बिल्डिंग त्यांच्याकडे रागाने बघायला लागली.

मी एक डोळा पुरता उघडला आणि कुजबुजलो, "ताई, पास का?"

पाटीलवहिनींनी जी किंकाळी फोडली, ती आमच्या प्रेसशॉपमध्येसुद्धा ऐकू गेली असती. लालवानींचा मोबाइल पिठल्यात पडला. पोरं दाराबाहेर, मोठी माणसं पोरांच्या पुढे! आणि आबा? मी डोळे घट्ट मिटून घेतले. संपलं, म्हटलं. एकवीस दिवस पाण्यात.

चादर हलली. आबा दिवाणाखाली गेले नव्हते. ते थरथरत माझ्या चादरीत शिरले होते आणि माझ्या काखेत तोंड खुपसून बसले होते. घाबरल्यावर कुठे जायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि खरं सांगतो, मेलेल्या माणसाला शोभणार नाही इतका रडलो.

"राहू द्या त्यांना," वैशालीताई डोळे पुसत म्हणाल्या. "फक्त आवाज असाच ठेवा, काका."

"मला आधी का नाही कोणी सांगितलं," सुलभा म्हणाली, "की वारल्यावर हे एवढं ऐकतात? इतकी वर्षं 'हळू बोला, हळू बोला' म्हणतेय मी!"

त्या दिवसापासून मी हळूच बोलतो. आबा संध्याकाळी माझ्याबरोबर मंदिरापर्यंत येतात, ट्रक गेला की पायांत घुसतात. सोसायटीचं एकूण बरं चाललं आहे. खालच्या फळ्यावर त्या दिवशी लालवानींनी घाईघाईत खडूने लिहून टाकलं होतं, "दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या निधनाने सोसायटीत शांतता पसरली आहे." मी जिवंत असल्याचं कळल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे खाली जाऊन 'निधनाने' पुसलं आणि तिथे 'कुत्र्याने' लिहिलं. बाकीचं वाक्य त्यांनी तसंच ठेवलं. ते अजून कोणी पुसू देत नाही.