येतो म्हणून निघालो

रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस असा बेत भाचीने आखला, तेव्हा मी एकच अट घातली. शेवटचे दोन दिवस एखाद्या लहान गावात काढायचे. भाची म्हणाली, "मावशी, तिथे बघायला काही नसतं." मी म्हटलं, म्हणूनच. माझा जन्म रोह्याचा आणि संसार पेणचा. बघायला काही नसलं की माणसं ओट्यावर बसतात, आणि बसली की बोलतात, एवढं मला ठाऊक आहे. इटली बघायची होतीच, पण त्याहून जास्त मला बरोबर येणाऱ्या माझ्या ताईशी बोलायचं होतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाचीची आई. ती रोह्याला, मी पेणला, मधे जेमतेम तासा-दीड तासाचा रस्ता. पण सात वर्षं तिने माझ्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. गणपतीची मूर्ती दरवर्षी पेणहूनच नेते, पण टेंपो माझ्या दाराशी थांबवत नाही. मी रोह्याला गेले की ती चिंबोऱ्यांचं कालवण करून पोटभर वाढते, हसते, बोलते. "पेणला कधी येतेस?" म्हटलं की तिला एकदम दूध उतू गेल्याचं आठवतं. कारण मला माहीत होतं, निदान मी तसं समजत होते. माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ती पहाटेच्या एसटीने आली, दिवसभर पुरणपोळ्या लाटत बसली, आणि फोटोच्या वेळी मी अख्ख्या गावाला हाका मारल्या, स्वयंपाकघरातल्या बहिणीला तेवढी विसरले. त्या फोटोबद्दल मी किती वेळा माफी मागितली असेल! "फोटोचं काय घेऊन बसलीस गो बाय," एवढंच ती म्हणायची.

शहरांत बोलायला उसंत मिळाली नाही. रोममध्ये रांगा, फ्लॉरेन्समध्ये जिने, आणि दोन्हीकडे भाचीची घाई. व्हेनिस बघून ताईला काही नवल वाटलं नाही. "आपल्याकडं उधाणाला खाडीचं पाणी असंच गावात शिरतं," ती म्हणाली, "पन ते बघायला कोन इमानात बसून येत नाय."

लहान गाव टेकडीवरचं. त्याचं नाव आम्हा दोघींच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. भाची आम्हाला तिथे सोडून आपल्या नोकरीवर मिलानला गेली, तिसऱ्या दिवशी न्यायला येणार होती. ऐंशीच्या घरातली एक बाई घराच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देत असे, तिच्याकडे आम्ही उतरलो. तिला मराठी येत नाही, आम्हाला इटालियन येत नाही. भाचीने फोनमध्ये सोय करून दिली होती. आपण मराठीत बोलायचं, फोन इटालियनमध्ये बोलणार, आणि उलट. मी पेणचे पोह्याचे पापड दिले, तर बाईने ते उजेडात धरून आरपार बघितले आणि फोन म्हणाला, "हा कागद फार सुंदर आहे." शेवटी ताईने गॅसवर भाजून दाखवले.

बाईने खुशीत येऊन विचारलं, उद्या दुपारी माझ्याकडे जेवाल का? या वयात तिला कशाला त्रास, म्हणून मी म्हटलं, "बघू." आपल्याकडे बघू म्हटलं की विषय संपतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडताना ताई फोनमध्ये मोठ्याने म्हणाली, "बरं, येतो हं आम्ही!" फोनने ते सांगितलं. बाईने टाळ्या वाजवल्या. पाहुणे घराबाहेर पडले तरी किती आनंद होतो बघ या लोकांना, असं म्हणत आम्ही चढण उतरलो.

चौकात एका बाकावर बसून पाव आणि केळी खाल्ली. मी दोनदा विषय काढायला गेले, ताईने दोनदा कबुतरं दाखवली. घरी परतलो तेव्हा साडेचार वाजले होते. खाली टेबल मांडलेलं, तीन ताटं, बटाट्याचे उकडलेले गोळे टोमॅटोच्या रश्शात थिजून गेलेले. बाई खुर्चीत बसलेली, तोंड एवढंसं झालेलं. फोन म्हणाला, "तुम्ही म्हणालात, येतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईच पुढे झाली. "आमच्यात घरातनं निघताना जातो बोलत नाय," ती फोनला समजावू लागली. "येतो बोलायचं. जाते बोललं की परत यायचं तुटतं." बाईने ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि खो खो हसत गोळे गरम करायला उठली.

ताई मात्र हसली नाही. हातातला काटा टेबलावर फिरवत बसली.

"वास्तुशांतीला तुझ्या घरातनं निघताना मी जाते बोलले होते," ती म्हणाली. "मुद्दाम. दारात उभी राहून."

मी खुर्ची तिच्याकडे ओढली.

"मला वाटलं, तू म्हनशील, ताई, जाते नाय, येते म्हन. तू पाठमोरी होतीस. वळलीस पन नाय. मंग मी समजले, हिला चालतंय."

"ताई, मी ऐकलंच नाही गं. खरंच नाही ऐकलं. तो फोटोवाला ओरडत होता."

"ऐकलंच नायस?"

सात वर्षं मी फोटोची माफी मागत राहिले आणि ती एका शब्दाची वाट बघत राहिली. मला रडू फुटलं, तिलाही. घरमालकीण गरम ताटं घेऊन आली, आम्हा दोघींना बघून घाबरली आणि रश्शात भराभर चीज किसू लागली. तिला वाटलं, चव बिघडली.

मुंबईहून रोह्याला जाताना पेण आधी लागतं. विमानतळावरून घरी येताना ड्रायव्हर मला हायवेवर पेणच्या फाट्याला उतरवून ताईला सरळ रोह्याला नेणार होता, ताईनेच त्याला गाडी आत घ्यायला लावली. चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी पिशवी उचलून ती दाराशी गेली, तेव्हा मी कुकरखालचा गॅस बंद केला, टीव्ही बंद केला आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.