आप्पांचं प्रतिमापूजन

मी चित्रं काढून पोट भरतो. आणि इतकी वर्षं भरतोय, की नाशिक जिल्ह्यात माझ्या हातचं चित्र नसलेलं एक घर मला दाखवा, मी सगळ्या पेन्सिली गोदावरीत सोडतो. बियाण्याच्या पाकिटावरचा ताटाएवढा झेंडू माझा. गोष्टीच्या पुस्तकातला ढेरपोट्या राजा माझा. द्राक्षावरच्या औषधाच्या डब्यावर आनंदाने वेडा झालेला शेतकरीही माझाच, आणि तो शेतकरी म्हणजे आमचे आप्पा, माझे वडील. न कुरकुरता समोर बसणारं घरात एकच माणूस. त्यामुळे मी आप्पांना राजा केलं, दरोडेखोर केलं आणि जनावरांच्या जंतांवरच्या औषधाच्या जाहिरातीत एका म्हशीला त्यांचे डोळे दिले. ते औषध इतकं खपलं, की जिल्ह्यात जंत औषधालाही शिल्लक राहिला नाही.

पण कलादालनात शिरताना हे सगळं चपलांसोबत दाराबाहेर ठेवावं लागतं. मुंबई-पुण्याची समकालीन कलेची प्रदर्शनं मी नेमाने बघतो. एकदा एका गंजलेल्या पाइपसमोर हनुवटीला हात लावून इतका वेळ उभा राहिलो, की एक बाई पाइपसोबत माझाही फोटो काढून गेल्या. तिथे कोणी विचारतं, आपण काय करता. मी सांगतो, इलस्ट्रेटर आहे. मग समोरचा 'अच्छा' म्हणतो. लग्नात बँडवाल्यांना 'जेवलात का' विचारताना जो सूर लागतो ना, अगदी त्या सुरात.

तर मागच्या वर्षी नाशकातच तसं एक मोठं सामूहिक प्रदर्शन ठरलं. कोणाचं काम घ्यायचं, कुठे मांडायचं हे ठरवायला मुंबईहून एक क्युरेटर बाई आल्या. वयाने माझ्या निम्म्या, चष्मा माझ्या दुप्पट. माझ्या घरी येऊन त्यांनी राजे, बेडूक, झेंडू सगळं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "सर, हे झालं लोकांचं. तुमचं स्वतःचं काय आहे?"

पुढचे आठ-पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही. म्हणजे दोन भाकऱ्यांच्या वर गेलं नाही.

त्याच सुमारास आप्पांना फुलांच्या वाफ्यातच छातीत दुखलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, तीन ठिकाणी अडकलंय, बायपास करावी लागेल. आप्पा म्हणाले, नाही. ज्या माणसाने उभ्या जन्मात दाढीसाठीसुद्धा दुसऱ्याच्या हातात पातं दिलं नाही, तो छाती कशी उघडू देणार? आई रडून झाली, माझी बायको समजावून झाली, फूलबाजारात हारांचा गाळा चालवणारे माझे चुलते, आमचे नाना, शिव्या देऊन झाले. मी फक्त म्हणालो, आप्पा, समोर बसा, तुम्हाला काढतो.

या खेपेला राजा नाही, म्हैस नाही. फुलांच्या क्रेटवर बसलेले आप्पाच, कोळशाने, दाराएवढ्या कागदावर. हे चित्र बाहेर न्यायला खिडकीचे सगळे गज कापावे लागले असं मी सांगत असतो. खरं म्हणजे एकच कापला. आप्पा रोज येऊन बसायचे. दम लागला की थांबायचे, मीही थांबायचो. आणि असंच बसल्या बसल्या एक दिवस चित्राकडे बघून म्हणाले, "मी लय थकलेला दिसतो रे." थोड्या वेळाने म्हणाले, "घे तारीख दवाखान्याची." प्रदर्शनाचं उद्घाटन झालं की पुढच्या आठवड्यात भरती व्हायचं ठरलं. आयुष्यात काही काढलं असेल तर ते एवढंच, असं मला त्या चित्राबद्दल वाटतं, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

उद्घाटनाला अर्धं नाशिक लोटलं होतं. बरं, अर्धं नाही, पण आमचं घराणं पूर्ण होतं. दालनात शिरलं की डावीकडे एका चित्रकाराने लासलगावहून आणलेल्या कांद्याच्या गोण्यांचा डोंगर होता, उजवीकडे मालेगावच्या मागाचं सूत छतापासून जमिनीपर्यंत ताणलेलं होतं आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पडद्यावर नदी उलटी वाहत होती. माणसाचं तोंड असलेलं चित्र सबंध दालनात एकच, दाराच्या अगदी समोर: आमचे आप्पा, डोक्यावर टोपी. आणि हॉलच्या माणसांनी, जागा मोकळी दिसली म्हणून, उद्घाटनाची समई नेमकी त्यांच्या पुढ्यात आणून ठेवलेली.

प्रमुख पाहुणे पुढारी होते. सकाळपासून रामकुंडावरच्या दोन दशक्रिया, एक पुण्यस्मरण आणि एका पतसंस्थेचा वर्धापनदिन उरकून घाईत आलेले. त्यांनी गोण्या पाहिल्या, सूत पाहिलं, आणि बावचळले. मग त्यांना समई दिसली, समईमागे टोपीवाला म्हातारा दिसला, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे कुठल्याही कार्यक्रमात आधी प्रतिमापूजन. त्यांनी चपला काढल्या. शेजारी आमचे नाना पाहुण्यांसाठी स्वतः ओवून आणलेला हार घेऊन उभे होते. तो हार म्हणजे अजगर. आमच्याच वावरातल्या झेंडूचा, आणि उचलायला दोन माणसं लागतील असा. पाहुण्यांनी तो नानांच्या हातातून अलगद काढून घेतला आणि आप्पांना घातला. आरतीच्या ताटातलं कुंकू कपाळी लावलं. हात जोडले, डोळे मिटले. माइकवर म्हणाले, "या थोर आत्म्यास मी सर्वप्रथम अभिवादन करतो."

आत्मा तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याच्या हातात वेफर्स होते.

लोक हसले नाहीत. कांद्याच्या गोण्या जिथे कला असतात तिथे काय हसायचं आणि काय नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. टाळ्या मात्र झाल्या. मी आईकडे पाहिलं. तिने पदर तोंडात धरला होता आणि ती आप्पांच्या दंडाला अशी घट्ट धरून बसली होती, जणू कोणी त्यांना आत्ताच उचलून नेणार आहे. नाना पांढरेफटक. ज्या माणसाने जिल्ह्यातले सगळे ट्रॅक्टर, सगळे नवरदेव आणि सगळे मेलेले सजवले, त्याचा हार सख्ख्या भावाच्या फोटोला पडला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: प्रतिमेस पुष्पहार अर्पण करताना मान्यवर. त्यानंतर आमचा फोन जो वाजायला लागला तो तापून त्यावर भाकरी भाजता आली असती. विंचूरच्या आत्याचे लोक जीप करून थेट दारात उतरले, पांढरे कपडे घालून, आणि ओट्यावर चहा पीत बसलेल्या आप्पांना बघून परत जीपमध्ये बसले. आप्पा आहेत ना, हे मालेगावकडच्या व्याह्यांनी फोनवर त्यांच्या अहिराणीत जपून विचारलं, "आप्पा शेतस ना?" फोन आप्पांनीच उचलला होता.

आप्पांना या सगळ्यात मजा येत होती असं मला आधी वाटलं. मग संध्याकाळी ते म्हणाले, "लोकं येऊन भेटून गेली. माझं झालं समज. आता परत कापाकापी कशाला?" तेव्हा मला कळलं. भीती पहिल्या दिवसापासून तिथेच होती, तिला आता हार मिळाला होता. आईचं तसं नव्हतं. तिला खरोखर धसका बसला होता. ती मला एकच बोलली, "भाऊ, हार पडलेलं तोंड घेऊन मी त्यांना दवाखान्यात पाठवायची नाय."

मी दालनात गेलो. क्युरेटर बाई चित्रासमोर उभ्या होत्या, आणि चष्म्यामागे त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. म्हणाल्या, सर, हार काढू नका, हळूहळू सुकू द्या, आता कुठे हे काम पूर्ण झालंय. खालची पाटीही त्यांनी बदलून घेतली होती: कागदावर कोळसा, झेंडू. शनिवारी मुंबईच्या गॅलरीचे लोक येणार होते, आणि हे काम ते तिकडे नेतील असं त्यांचं मत होतं. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी 'अच्छा' म्हणत नव्हतं. मी हाराला हात लावला नाही. घरी येऊन सांगितलं, नियमात बसत नाही.

ते एक वाक्य मला दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी आईने गोळ्यांचा डबा आप्पांच्या उशाशी ठेवायचं बंद केलं. उपयोग काय, म्हणाली. माझ्या बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं, "अहो, तुमचं ते मुंबईला जाईल. आप्पा कुठे जातील ते बघा."

मी तसाच गेलो आणि बाई जेवायला गेलेल्या पाहून हार उतरवला. पण घरी आई म्हणाली, हार काढला म्हणून लागलेलं कुंकू जातं का. मग फाडून टाकू का? तर आप्पा ओरडले, माझं तोंड फाडायचं नाही. गुंडाळून आणून माळ्यावर ठेवतो म्हटलं, आणि आता हसू नका, चादर मी पांढरी उचलली. आईने चादर बघितली आणि माझ्या हातातून ओढून घेतली.

 मग आप्पाच म्हणाले, "तू कंपनीवाल्यांना करून देतो ना ते, करेक्शन? तसं कर. मला दुसरा कोणीतरी करून टाक."

शुक्रवारी सकाळी त्यांना घेऊन मी दालनात गेलो. जिन्यावर ते दोनदा बसले. मी खुर्ची मांडून दिली आणि कापूस, खोडरबर आणि कोळसा काढला. बाई धावत आल्या, सर, सर, करू लागल्या. आप्पांनी त्यांना सांगितलं, "ताई, गिऱ्हाईक मी हाय." आणि मग माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांसारखेच ते मागून सूचना देऊ लागले. नाक जाड कर. मिशी दे चांगली, फौजदारासारखी. हनुवटीवरचा तीळ काढ. मी काढत गेलो. तो तीळ जमवायला मी एक सबंध दुपार घालवली होती. गालाची खळगी भरली, भुवया चढवल्या. आजूबाजूला माणसं जमली. त्यांना हा प्रदर्शनाचा भाग वाटला. कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करत होतं. डोळे शेवटी ठेवले होते. कापूस टेकवला तेव्हा मागच्या सूचना बंद झाल्या.

मी नवे डोळे दिले. आप्पा उठून जवळ आले, वास घेतल्यासारखे कागदाजवळ वाकले.

"कोण हाय हा?"

"कोणी नाही, आप्पा."

"मग ठीक. ह्याला हार चालंल."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते उभे राहिले.  म्हणाले, दवाखान्यात फोन कर, नाहीतर पुन्हा माझं मन फिरायचं.

क्युरेटर बाई चित्रासमोर बराच वेळ होत्या. चांगल्या मनाची मुलगी. शेवटी मला दुखवू नये अशा बेताने म्हणाल्या, "सर, आता हे थोडं इलस्ट्रेशन वाटतंय." शनिवारी मुंबईची माणसं आली, त्या फौजदारावरून नजर फिरवून गेली आणि कांद्याच्या गोण्या घेऊन गेली.

सोमवारी आप्पांना आत नेलं. स्ट्रेचरवरून त्यांनी आईला, जाळीच्या आधारावर चढवलेल्या शेवंतीला पाणी द्यायला सांगितलं, मला काहीच नाही. बाहेर बाकावर आई, बायको, नाना आणि मी. नाना उद्घाटनाच्या दिवसापासून गाळ्यावर गेलेच नव्हते. मी गोळ्यांचं रिकामं खोकं उलगडून पेन्सिल काढली. आप्पांना काढायला मला समोर आप्पा लागत नाहीत. झोपेत काढीन, अंधारात काढीन, असं मी गावभर सांगत आलोय. टोपी आली. कपाळ आलं. मग जाड नाक आलं आणि त्याखाली मिशी येऊ लागली. मी खोडलं. पुन्हा काढलं. पुन्हा तोच फौजदार. चित्र पाहायला आई माझ्याकडे सरकू लागली, तसं खोकं मी उलटं केलं.

आतून अजून कोणी बाहेर आलं नव्हतं. आई पुन्हा दाराकडे बघू लागली तेव्हा मी दुसरं खोकं उलगडलं आणि कानांपासून सुरुवात केली. दालनात त्या दिवशी कान बदलायचे माझ्याकडून राहून गेले होते.