मशीनला तारीख सांगणारे भाऊ

आमच्या गडचिरोलीच्या ऑफिसात तारीख हे खातं शिपाईभाऊंचं होतं. रोज सकाळी कॅलेंडरचं पान फाडायचं, शिक्क्यातला आकडा फिरवायचा, भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची. कॉम्प्युटर आला आणि सुरू होताच तारीख विचारू लागला, तेव्हा साहेबांनी तेही काम त्यांच्याकडेच दिलं. भाऊ मागे उभे राहून तारीख सांगत, मी टाईप करी. नागपूरला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलेला मी, मला हा अपमान वाटे.

भाऊंची बायको मूल या गावी आजारी होती आणि तिकडे बदली मिळावी म्हणून ते चार वर्षं अर्ज करत होते. शेवटी साहेब हो म्हणाले. मी आदेश छापायला बसलो आणि वीज गेली. आली तेव्हा मशीनने पुन्हा तारीख विचारली. भाऊ चहा आणायला गेले होते. एवढ्यासाठी थांबतो कोण? मी एंटर दाबला, वेळ विचारली तेव्हा पुन्हा दाबला. उत्तर दिलं नाही की ते मशीन १ जानेवारी १९८० धरून चालतं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी त्या दिवशी बहुतेक डुलक्या काढत होतो.

आदेशावर तारीख मशीनच घाली, म्हणून ती कोणी वाचत नसे. साहेबांनीही न वाचता सही ठोकली.

भाऊ ट्रंक घेऊन मूलला गेले आणि तिसऱ्या दिवशी ट्रंकेसकट परत आले. तिथल्या बड्या बाबूंनी शेरा मारला होता की, आदेशाच्या तारखेस गडचिरोली जिल्हाच अस्तित्वात नव्हता, सबब हजर करून घेता येत नाही. ऑफिस पोट धरून हसलं. मीही हसलो.

साहेबांनी दोघांना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, तारीख सांगायला मीच विसरलो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, असं का केलंत?

"तुमची नोकरी अजून कच्ची हाय, बाबू. माही पक्की हाय. मले काई होत नाई."

मी परत आत जायला हवं होतं. गेलो नाही.

साहेबांनी नवा आदेश काढायला सांगितला आणि सोबत भाऊंना हलगर्जीपणाबद्दल लेखी ताकीद. दोन्ही कागद मीच छापले. दोन्हींवरची तारीख तीनदा तपासली. बरोबर होती.