बांगड्यांचा वास आणि विमानाचं इंजिन

ड्रमाच्या तळाला गाळ साचतो, तसे किस्सेही साचतात. जरा हलवलं की वर येतात. आमची शेड गोव्यात, डिचोलीत. तिथे देसाई मॅडम तळणाच्या जळक्या तेलापासून हवाईदलाच्या विमानांचं इंधन करत होत्या. ते तेल मी टेम्पोतून आणायचो.

*

मांद्र्याच्या किनाऱ्यावरचा शॅकवाला कायतान पहिल्या दिवशी म्हणाला, "हे घाण तेल किते करतलो रे, भाऊ?"

"विमानात घालतात."

त्याने जवळ येऊन माझं तोंड हुंगलं.

*

पहिल्या चाचणीला इंजिन थोडं गुरगुरलं आणि बसलं. शेडभर तळलेल्या बांगड्यांचा वास. बघतो तर गावातली सगळी मांजरं दारात येऊन बसलेली.

आमचा मेकॅनिक बाबुसो म्हणाला, "मॅडम, इंजिन गेला, पण गिऱ्हाईक आयला."

*

मॅडम हसल्या नाहीत. "वास येतो म्हणजे तेलात चरबी उरलीय. वर आभाळात थंडी असते, तिथे ती गोठली तर पायलटने काय करायचं?"

तेल पुन्हा पुन्हा साफ झालं. मांजरं कमी होत गेली. शेवटी एक कबरी उरली. बाबुसो तिला इन्स्पेक्टर म्हणायचा.

"तपासणीचं मशीन पास म्हणतंय, मॅडम," बाबुसो म्हणायचा.

"आणि इन्स्पेक्टर?"

ती दारात मिशा हलवत उभी. ड्रम परत आत.

*

एकदा मोपाच्या विमानतळावरून उडालेलं विमान डोक्यावरून गेलं.

"हे कुणाच्या तेलावर?" बाबुसोने विचारलं.

"नेहमीच्याच."

"मग जाऊ दे बिचाऱ्याला."

*

हवाईदलाचा निरोप आला. त्यांच्या साहेबांसमोर इंजिन पूर्ण जोरात चाललं तर काम पुढे, बंद पडलं तर शेडला कुलूप. त्या दिवसापासून मॅडमनी मासे सोडले. गोंयची बाई, पण ताटात नुसती डाळ.

"कुठला नवस, बाय?" मी विचारलं.

"नवस कसला, काका. माझ्याच हाताला बांगड्यांचा वास असला तर तेलाचा कसा कळणार?"

*

साहेब आले. इंजिन आधी नेहमीच्या इंधनावर सुरू केलं. मग बाबुसोने आमच्या तेलाचा कॉक उघडला. आवाज बदलला नाही. साहेबांचे डोळे मीटरच्या काट्यांवर, आमचे दाराकडे.

कबरी आली. नाक वर केलं. मग दाराशीच पोत्यावर अंगाची गुंडाळी करून पडली.

इंजिन शेवटपर्यंत चाललं. साहेबांनी काटे पुन्हा तपासले आणि मॅडमकडे वळून मोठ्याने म्हणाले, "पास!"

मॅडम बाबुसोला म्हणाल्या, "बाजारात जा. बांगडे आण."

साहेब चकित. "पास म्हटल्यावरही एवढ्या शांत? तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"मघाशीच. जरा हळू बोला, साहेब. इन्स्पेक्टर झोपल्यात."